न्यूयॉर्कची सही, लोणीची एसटी

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला लोणी-धामणीचा कोरडवाहू पट्टा आहे. इथल्या माणसाला तहसीलचं काम निघालं की मंचर ओलांडून पार घोडेगाव गाठावं लागतं. धडधाकट माणसाचाही त्यात दिवस मोडतो. पोलिओनं पाय गेलेल्या माणसाला एसटी तिकिटात ७५ टक्के सवलत देते. गाडीची पायरी मात्र त्याच्यासाठी इंचभरही खाली येत नाही. आपल्याकडे अपंगांसाठी जे काही केलं जातं, त्यातलं बरंचसं या तिकिटाच्या जातीचं. पैशात सूट द्यायची आणि वाट अडलेली ती तशीच ठेवायची.

ही वाट मोकळी करून देऊ, असा शब्द भारतानं ३० मार्च २००७ रोजी न्यूयॉर्कमध्ये दिला. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार त्या दिवशी सह्यांसाठी खुला झाला आणि आपण पहिल्याच दिवशी सही केली. १ ऑक्टोबर २००७ला त्याला रीतसर मान्यताही दिली. असल्या करारांना गावात कोण विचारतो, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं निम्मं खरंही आहे. आंतरराष्ट्रीय करारांची बूज राखावी, असं राज्यघटनेचा अनुच्छेद ५१ सांगतो. पण ते मार्गदर्शक तत्त्व झालं. नुसत्या सहीच्या जोरावर कोर्टात हक्क वसूल होत नाही. त्यासाठी संसदेला कायदा करावा लागतो, आणि तसा अधिकार तिला अनुच्छेद २५३नं दिला आहे.

इथे संसदेनं तो केला. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा आपण या कराराच्या अंमलबजावणीसाठी आहोत, असं स्वतःच्या तोंडानं सांगतो. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, ते २१ झाले. कलम ४५ तर थेट गावात येतं. जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा करायच्या. प्राथमिक आरोग्य केंद्रं, शाळा, बसथांबे यांसाठी सरकारनं आणि स्थानिक संस्थांनी प्राधान्यानं आराखडा करायचा. म्हणजे २००७ची ती सही २०१७पासून ग्रामपंचायतीच्या उंबऱ्याशी येऊन थांबली आहे.

ती आत का येत नाही? कारण कायद्यानं दिलेलं नियमांनी काढून घेतलं. जून २०१७मध्ये केंद्रानं नियम केले, त्यातल्या नियम १५नं सुगम्यतेच्या मार्गदर्शिकांकडे बोट दाखवलं. त्या मार्गदर्शिकांची भाषा सगळी शिफारशीची. रॅम्प असावा, कठडा असावा. नसला तर? काही नाही. राजीव रतुरी यांनी २००५पासून चालवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ रोजी हा नियम कायद्याशी विसंगत ठरवून मोडीत काढला आणि किमान बंधनकारक निकष तीन महिन्यांत ठरवायला सांगितलं. एका रॅम्पचा मुद्दा इथवर यायला १९ वर्षं लागली, हेही विसरू नये.

जुन्या इमारतींची पाच वर्षांची मुदत जून २०२२मध्ये संपली. ऑक्टोबर २०२३मध्ये विराली मोदी या अपंग-हक्क कार्यकर्तीला स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात उचलून न्यावं लागलं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि सहीसाठी खाली यायला कर्मचारी तयार झाले नाहीत, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. बोभाटा झाल्यावर उपमुख्यमंत्र्यांनी दखल घेतली. समाजमाध्यमांवर विराली यांचा शब्द ऐकणारे हजारो होते. लोणीच्या माणसामागे कोण आहे? करारावर देखरेख ठेवणाऱ्या जिनिव्यातल्या समितीकडे वैयक्तिक तक्रार करण्याची सोय कराराच्या ऐच्छिक जोडकरारात आहे, पण त्यावर भारतानं सहीच केलेली नाही. त्याला न्याय मिळायचा तो इथेच.

आणि इथे साधन आहे. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा, असा राज्याचा आदेश आहे. हा पैसा हारतुऱ्यांच्या कार्यक्रमात वाटून, फोटो काढून संपवणं सोपं असतं. वाटपाला आमचा विरोध नाही. गरजवंताला त्याचाही आधार असतो. पण वाटप हा उपकार वाटतो आणि रॅम्प हा हक्क असतो, म्हणूनच पुढाऱ्यांना पहिलं आवडतं.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत दोनच प्रश्न विचारा आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. पाच टक्के कशावर गेले? शाळा, दवाखाना आणि बसथांब्याचा आराखडा कुठे आहे? उत्तर टाळलं, तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज करा. आयुक्तांनी शिफारस केल्यावर काय कारवाई केली, हे संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत त्यांना कळवावंच लागतं.