अजून एक चिमूट

तर मंडळी, झालं असं. 2019 च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं मुरुडहून न्यू जर्सीला मुलाकडे गेलो होतो. तिथे नातवाने खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली आहे, चारशे लिटरची. मासे आहेतच, पण खरं कौतुक प्रवाळाचं. जिवंत पोवळी! (आपल्याकडे टणक प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हे मास्तरकीच्या सवयीने सांगून टाकतो.)

घरचे पंधरा दिवस बाहेरगावी गेले आणि टाकी माझ्या हवाली झाली. "आबा, दिवसातून एकदाच. दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका." आता मी लातूरकडचा माणूस, पाहुण्याच्या ताटात न विचारता भाकरी वाढणारा. मासे काचेशी येऊन तोंड उघडायचे आणि मला वाटायचं, लेकरं उपाशी आहेत. सकाळी चिमूट, दुपारी चिमूट, रात्री अजून एक.

ते परतले तेव्हा दगडांवर केसांसारखं हिरवं शेवाळ होतं आणि जांभळं प्रवाळ तपकिरी पडलेलं. नातवाने नळीत थेंब टाकून पाणी तपासलं. नायट्रेट लिटरला 40 मिलिग्रॅम. आपल्याकडे माणसाच्या पिण्याच्या पाण्यात 45 पर्यंत चालतं. त्याला दहाच्या आत हवं होतं. पोरगा मला एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं.

मुलाने लगेच शेवाळ मारायच्या औषधाची बाटली मागवायला घेतली. मी नातवाच्या बाजूने होतो, आजही आहे. मेलेलं शेवाळ कुजून त्याच पाण्यात राहतं आणि त्यावरच नवं पोसतं. उरलेलं खाणं आणि माशांची घाण यांचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. फॉस्फेट तर दगडात मुरून बसतं आणि पाणी साफ केलं तरी हळूहळू बाहेर येत राहतं. उसाला युरियाची पोती ओतणाऱ्यांना हे काय सांगावं? पिकाने न घेतलेलं शेवटी विहिरीतच उतरतं. हात आखडणं हाच उपाय, बाकीचं सगळं मागाहूनचं निस्तरणं.

ते निस्तरणंही पाहिलं. बुडबुड्यांच्या फेसातून घाण वर काढणारा स्किमर. खालच्या टाकीत दिव्याखाली मुद्दाम वाढवलेलं शेवाळ, जे कापून फेकायचं. आणि दर आठवड्याला चाळीस लिटर पाणी बदलायचं. ते पाणी मोरीत जाताना मला बघवेना. खारट, त्यामुळे झाडांनाही चालत नाही. वर नवं पाणी शुद्ध करतानाही पाणी वाया जातंच. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात आमच्या घरी भांडी विसळलेलं पाणी कढीपत्त्याला जायचं. आणि इथे माझ्या चिमटीपायी बादल्याच्या बादल्या!

काही हौशी लोक नायट्रेट, फॉस्फेट पार शून्यावर आणायला बघतात. तेही नको, प्रवाळ उपाशी मरतं. नातवाने दोन महिने घेतले, घाई केली नाही. बहुतेक पोवळ्यांचा रंग परतला. एक पांढरं पडलं ते गेलंच.

हल्ली रविवारी फोन आला की नातू आधी आकडा सांगतो. परवा आठ होता.