कॅमेऱ्याआधी कात्री

कुठल्याही क्विझमध्ये हमखास येणारा प्रश्न: पूर्ण लांबीची पहिली अ‍ॅनिमेशन फिल्म कोणती? बझर दाबून तुम्ही म्हणणार, 'स्नो व्हाइट', डिस्ने, १९३७. मार्कही मिळतील बहुतेक. पण त्याच्या अकरा वर्षं आधी, २ मे १९२६ रोजी, बर्लिनच्या एका थिएटरात 'द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ प्रिन्स अहमद' दाखवली गेली होती. लांबी साधारण ६५ मिनिटं. दिग्दर्शिका सव्वीस वर्षांची. नाव लोटे रायनिगर. (अर्जेंटिनात १९१७ मध्येच एक फिल्म झाली होती, पण ती हरवली. आज बघता येते अशांमध्ये सगळ्यात जुनी ही.)

नाव ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. आम्हा मास कॉमवाल्यांनाही जर्मन सिनेमा म्हटलं की 'कॅलिगरी', 'मेट्रोपोलिस' आणि मुर्नाऊ एवढंच पाठ असतं. लोटेबाई कुठल्याच युनिटमध्ये बसत नाहीत. माझं म्हणणं असं, की त्या बसत नाहीत याचं कारण त्यांच्या हातात कॅमेऱ्याआधी कात्री होती.

जन्म २ जून १८९९, बर्लिनला लागून असलेल्या शार्लोटनबुर्गचा. काळ्या कागदातून आकृत्या कापायचा नाद लहानपणापासून. घरातल्यांना बसवून सावल्यांची नाटकं करायची. पुढे सिनेमाचं वेड लागलं. १९१५ मध्ये नट-दिग्दर्शक पॉल वेगेनर याचं ट्रिक फिल्मवरचं भाषण तिने ऐकलं आणि विषय संपला: याच माणसाबरोबर काम करायचं. तो मॅक्स राइनहार्टच्या नाटक कंपनीशी जोडलेला, म्हणून आईबाबांच्या मागे लागून तिने राइनहार्टच्या नाट्यशाळेत प्रवेश घेतला.

तिथे तिने काय केलं? मोठे नट स्टेजवर काम करत असताना विंगेत उभं राहून त्यांच्या आकृत्या कात्रीने कापल्या. स्वतःची आकृती कोणाला आवडत नाही? वेगेनरच्याही नजरेत ती भरली. १९१८ मधल्या त्याच्या 'पाइड पायपर'ची टायटल कार्ड्स तिने केली. शिवाय त्यातले उंदीर! खरे उंदीर ऐकेनात, म्हणून लाकडी उंदीर एकेक फ्रेम करत हलवावे लागले, त्यातही ती होती. पुढच्याच वर्षी, विसाव्या वर्षी, तिची स्वतःची पहिली छोटी फिल्म आली. म्हणजे आपल्याकडे एसवायचं सबमिशन चालू असतं त्या वयात.

'प्रिन्स अहमद'ची गोष्ट तर भन्नाटच आहे. १९२३ मध्ये जर्मनीत महागाई इतकी भडकली होती की सकाळचे पैसे संध्याकाळी कागद व्हायचे. लुई हागेन नावाच्या बँकरने पैसे गुंतवायचे म्हणून कच्ची फिल्म घेऊन ठेवली होती. तो लोटेला म्हणाला, यावर मोठा सिनेमा कर. स्टुडिओ कुठे? पॉट्सडॅममध्ये, त्याच्या गॅरेजच्या वर. तीन वर्षं तिथे नवरा कार्ल कोख कॅमेरा सांभाळत होता, मदतीला वॉल्टर रुटमन, बेर्टोल्ड बार्टोश अशी मोजकी माणसं, आणि मध्ये लोटे.

काम असं: काळा पुठ्ठा आणि शिशाचा पातळ पत्रा कापून बाहुली करायची, सांधे तारेने जोडायचे, खालून उजेड सोडलेल्या काचेवर ती आडवी ठेवायची. वर कॅमेरा. हात केसभर हलवा, क्लिक. पुन्हा हलवा, क्लिक. सेकंदाला १८ फ्रेम धरल्या तरी ६५ मिनिटांच्या सत्तर हजारांवर जातात. खोली दिसावी म्हणून काचा एकावर एक थरांनी लावल्या. याच कल्पनेचा मोठा यांत्रिक अवतार डिस्नेने पुढे मल्टिप्लेन कॅमेरा म्हणून गाजवला.

आता हे वाचून 'बघा, साधनं नसतानाही जिद्द असली की...' असं स्टेटस टाकणार असाल तर थांबा. लोटेकडे हो म्हणणारे पालक होते, दार उघडणारा वेगेनर होता, आणि फुकट फिल्म देणारा बँकर होता. तुमच्या वर्गात मेंदी अप्रतिम काढणारी, कागदातून काहीही कापणारी एक मुलगी असणारच. तिला आपण 'तुझी हॉबी छान आहे' म्हणतो आणि शॉर्ट फिल्मच्या टीममध्ये कॉस्च्युमला टाकतो. दिग्दर्शक तो, ज्याच्याकडे डीएसएलआर. लोटेचंही असंच झालं. तिचं काम 'हस्तकला' आणि 'मुलांसाठी' या दोन कप्प्यांत गेलं.

आणखी एक टोचतं. जर्मन महिला दिग्दर्शक विचारलं, तर प्रोपगंडाच्या लेक्चरमुळे आपल्याला लेनी रीफेनश्टाल आठवते, हिटलरच्या मेळाव्यावर फिल्म करणारी. ती शिकवू नये असं नाही, शिकवाच. पण नाझी आल्यावर लोटे आणि कार्ल देश सोडून गेले. कायमचा व्हिसा कुठेच मिळेना, म्हणून लंडन, पॅरिस, रोम असे फिरत राहिले, आणि १९४४ मध्ये आजारी आईसाठी तिला बर्लिनला परतावं लागलं. हे आपल्या नोट्समध्ये एक ओळही नसावी?

फिल्म निर्दोष नाही. कथा अरेबियन नाइट्समधली, म्हणजे आपल्या सुरस आणि चमत्कारिक कथांचीच दुनिया. पण त्यातला आफ्रिकी जादूगार आणि चिनी दरबार बघताना १९२०च्या दशकातल्या युरोपचा चष्मा स्पष्ट दिसतो. खटकतो. त्यावर वाद घाला, पण वाद घालायला आधी फिल्म बघायला तर हवी!

मूळ निगेटिव्ह दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. सुदैवाने लंडनमध्ये प्रिंट टिकली होती, तिच्यावरून १९९९ मध्ये फिल्म पुन्हा नीट करण्यात आली, रंगांसकट. फिल्म क्लबच्या पुढच्या मीटिंगला हे नाव सुचवा. तिथे जमलं नाही तर हॉस्टेलच्या खोलीत दिवा बंद करून लॅपटॉपवर लावा. उडता घोडा पहिल्यांदा वर झेपावतो तेव्हा पॉज करा आणि त्याची शेपटी बघा. तिचा प्रत्येक केस कात्रीने कापलेला आहे.