अनुकंपेचे दुसरे पान



बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणालगत सायंकाळी फेरफटका मारल्यास एक दृश्य हमखास दिसते. कोणी गृहस्थ गाडी थांबवून बिस्किटांचे पुडे फोडतात, कोणी भगिनी पोळ्यांची चळत घेऊन येतात, आणि भोवती कुत्र्यांचा मेळा जमतो. त्यांत आपल्या समाजाची माणसेही असतात. त्यांच्या अनुकंपेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र आपण व्यापारी माणसे. जमेचे पान पाहिल्यावर खर्चाचेही पाहण्याची आपली रीत आहे.

कुंपणापलीकडे सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या वनात बिबटे नांदतात. तेथे चितळ, सांबर, वानर यांची वाण नाही. तरीही बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीत कुत्रा हे त्यांचे एक प्रमुख भक्ष्य असल्याचे आढळले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचे उदाहरण याहून बोलके आहे. उसाच्या मळ्यांत राहणाऱ्या तेथील बिबट्यांचा अभ्यास विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या आहारात कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला, शेळ्यांचा अवघा ११ टक्के. वास्तविक त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रा मोकळा फिरतो, हे ध्यानी घेतले म्हणजे कोडे उलगडते.

आता आपल्या बिस्किटांकडे वळू. ठरावीक जागी, ठरावीक वेळी अन्न मिळू लागले की कुत्री तेथेच मुक्काम करतात. त्यांची पिल्ले अधिक संख्येने जगतात. चितळाचा कळप कान टवकारून चरतो, झाडावरून वानर इशारा देते. पोट भरून रस्त्याकडेला झोपलेल्या कुत्र्याला असा पहारा नसतो. शिकारी प्राणी श्रम आणि लाभ यांचा मेळ आपल्याइतकाच चोख घालतो, म्हणून तो वनाच्या काठाशी घुटमळू लागतो. त्याच काठावर आदिवासी पाडे आहेत, झोपड्या आहेत, आणि अंधार पडल्यावर अंगणाबाहेर गेलेले एखादे लहान मूल आहे. शिवाय हीच पोसलेली कुत्री वनात शिरून चितळांच्या पाडसांमागे लागतात, ते वेगळेच.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाचा उल्लेख आधी येतो, प्राणहरणाचा नंतर. ईर्यासमितीत पाऊल टाकण्यापूर्वी पुढील जमीन निरखली जाते. घास टाकतानाही तीच यतना का नसावी, हा प्रश्न मला गेले काही दिवस सतावतो आहे.

‘मग मुक्या जिवांना उपाशी ठेवायचे काय?’ असे एका वाचक भगिनींनी विचारले. मुळीच नाही. वनाच्या सीमेपासून दूर, सोसायटीच्या आवारात, दिवसाउजेडी, खातील तेवढेच घालावे आणि उरलेले उचलून न्यावे. त्याहून मोलाचे म्हणजे, बिस्किटांवर होणाऱ्या खर्चाचा एक भाग कुत्र्यांच्या निर्बीजीकरणास व लसीकरणास द्यावा. या दानाला शेपूट हलवून कोणी पावती देत नाही, म्हणून ते थोडे अवघड जाते, एवढेच.