हिमोग्लोबिन किती हे मोजतो, कसलं आहे हेही पाहा





उपकेंद्रात गरोदर बाईचं नाव नोंदवलं की पहिली सुई टोचली जाते ती हिमोग्लोबिनसाठी. माता-बाल संरक्षण कार्डावर आकडा पडतो : ८.६, ९.२, १०.४. कमी असेल तर लोहाच्या गोळ्या, फारच कमी असेल तर सलाईनमधून लोह. आरोग्य सेविका म्हणून नोकरीभर मी हे काम केलं आणि त्याचा उपयोग डोळ्यांनी पाहिला. पण आपण मोजतो ते फक्त हिमोग्लोबिन किती आहे ते. ते कोणत्या जातीचं आहे हे ना आईचं पाहिलं जातं, ना बाळाचं. मलकापूर-कराड भागात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाची ही दुसरी तपासणी घरी सोडण्याआधी व्हावी, आणि त्याच्या आईची गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत व्हावी, ही मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे आजार आई-वडिलांकडून येतात. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला आजारी मूल जन्मण्याची शक्यता चारात एक. वाहक माणूस स्वतः ठणठणीत असतो, शेतात राबतो, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नसतो. नवजात बाळही गुटगुटीत दिसतं, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन पहिले काही महिने त्याला सांभाळून नेतं. ते ओसरू लागलं की पाच-सहा महिन्यांनंतर दुखणं वर येतं. सिकलसेलच्या बाळाचे हातापायांचे पंजे सुजतात, हात लावू देत नाही, आणि घरचे म्हणतात, कुठे तरी मुरगळलं असेल. थॅलेसेमियाचं मूल पांढरंफटक पडतं, दूध ओढत नाही, पोट पुढे येतं, कारण पानथरी वाढलेली असते. मग टॉनिकच्या बाटल्या सुरू होतात, दृष्ट काढली जाते, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फेऱ्या होतात. लोह देऊन हा आजार हटत नाही. उलट थॅलेसेमियाच्या मुलाच्या अंगात पुढे लोह साठून राहणं हेच मोठं संकट असतं.

लवकर कळून करायचं काय, असं काही जण विचारतात. सिकलसेलच्या बाबतीत उत्तर अगदी स्पष्ट आहे. या बाळांची पानथरी लहानपणीच निकामी होऊ लागते आणि साध्या वाटणाऱ्या तापात रक्तात जंतुसंसर्ग होऊन मूल एका रात्रीत दगावतं. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज दोन वेळा तोंडाने पेनिसिलीन दिलेल्या बालकांत न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटला. पुढच्याच वर्षी तिथल्या तज्ज्ञ समितीने प्रत्येक नवजाताची तपासणी करावी अशी शिफारस केली. जमैकात किंग्स्टनच्या प्रसूतिगृहात १९७३ पासून एक लाख बाळं जन्मतःच तपासली गेली. तिथल्या आयांना डाव्या बरगडीखाली बोटं ठेवून बाळाची पानथरी चाचपायला शिकवलं. ती अचानक वाढली तर लगेच दवाखाना गाठायचा, एवढ्या शिकवणुकीने मृत्यू कमी झाले. पेनिसिलीन स्वस्त आहे आणि न्यूमोकोकसची लस आता आपल्या सरकारी लसीकरणातच आहे. फक्त कोणत्या बाळाकडे डोळ्यांत तेल घालून पाहायचं, ते आधी माहीत हवं.

तपासणी अवघड नाही. बाळाची टाच कोमट कपड्याने शेकायची, टाचेच्या मधोमध नव्हे तर कडेला बारीक टोचायचं, पहिला थेंब पुसायचा आणि पुढचे थेंब जाड गाळणकागदावरच्या वर्तुळांत असे टेकवायचे की रक्त मागच्या बाजूपर्यंत झिरपेल. कागद उन्हात न धरता सावलीत आडवा वाळवायचा आणि पाकिटात घालून प्रयोगशाळेला पाठवायचा. तिथे एचपीएलसी नावाचं यंत्र हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवतं. उपकेंद्रातली कोणतीही सेविका दोन दिवसांत हे शिकेल. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नवजातांची सिकलसेल तपासणी झालेली आहे, गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात तपासणीचा कार्यक्रम हाती घेतला होता.

या तपासणीची एक मर्यादाही वाचकांना माहीत असावी. थॅलेसेमियाचा वाहक जन्मतः ओळखता येत नाही, ते साधारण वर्षभराने कळतं. थॅलेसेमियाच्या आजाराचाही जन्मतः फक्त संशय येतो, खात्री पुढच्या तपासणीत आणि आई-वडिलांच्या रक्तावरून होते. म्हणूनच आईची तपासणी आधी हवी. ती वाहक निघाली तर नवऱ्याची, आणि दोघेही वाहक असतील तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची. पुढचा निर्णय त्या जोडप्याचा. पण तो घ्यायला त्यांच्या हातात वेळ तरी राहतो. सायप्रसमध्ये १९७० च्या दशकापासून वाहकांची तपासणी आणि समुपदेशन चिकाटीने केल्यावर थॅलेसेमियाची नवी बाळं जवळजवळ जन्मेनाशी झाली. आपल्या देशात दरवर्षी अशी सुमारे दहा हजार बाळं जन्मतात. त्यातल्या प्रत्येकाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. तीन आठवड्यांचा हिशेब धरला तर वर्षाला १७ फेऱ्या, प्रत्येक वेळी आईची किंवा बापाची मजुरी बुडवून.

‘हे आजार विदर्भातले, आदिवासींचे, आपल्याकडे नाहीत,’ हे मी डॉक्टरांच्याही तोंडून ऐकलं आहे. सिकलसेलचं प्रमाण नंदुरबार, गडचिरोली, गोंदियाकडे जास्त आहे हे खरंच. १ जुलै २०२३ ला शहडोलला सुरू झालेल्या सिकलसेलच्या राष्ट्रीय मोहिमेचा भरही आदिवासी भागावर आहे आणि तो योग्यच आहे. पण ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या कारखान्यांच्या फडावर सहा-सहा महिने राहतात, बांधकामावर आणि एमआयडीसीत परप्रांतांतले मजूर आहेत, त्यांच्या बायका इथेच बाळंत होतात. थॅलेसेमिया तर सिंधी, पंजाबी, गुजराती, लोहाणा समाजांत अधिक असला तरी कोणत्याही जातीत सापडतो. शिवाय मामाची मुलगी करण्याची आपली रीत आहेच. एकाच घराण्यातला दोष दोन्ही बाजूंनी बाळापर्यंत पोचण्याची वाट त्याने सोपी होते. आपल्याकडे हे आजार नाहीत असं म्हणायचं तर आधी पाहायला हवं ना?

दुसरी हरकत लग्नाची. मुलगी वाहक आहे हे कळलं तर स्थळं येणार नाहीत, ही आयांची भीती खोटी नाही. म्हणून अहवाल फक्त आई-वडिलांच्या हातात द्यावा, अंगणवाडीच्या फळ्यावर किंवा गावाच्या कानावर जाता कामा नये. आणि मुलग्याचीही तपासणी तितकीच व्हावी, बोल एकट्या मुलीला लागू नये. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हे समजावणारा माणूस तपासणीइतकाच गरजेचा आहे.

सरकारकडे यंत्रणा नाही असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याच्या ३० विकारांच्या यादीत सिकलसेल आणि थॅलेसेमिया आहेत, पण शेवटच्या ओळीत आणि ‘ऐच्छिक’ असा शेरा मारून. २०१६ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने या विकारांवर मार्गदर्शक सूचनाही काढल्या. २०१६ च्याच दिव्यांग हक्क कायद्यात हे दोन्ही आजार दिव्यांगत्वात धरले आहेत. म्हणजे मूल आजारी पडल्यावर प्रमाणपत्र मिळतं, त्याआधी टाचेतून रक्ताचे चार थेंब काढायचे की नाही ते मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर. हा ‘ऐच्छिक’ शेरा खोडला पाहिजे.

मलकापूरला हे जमेल असं मी का म्हणते? चोवीस तास मीटरने पाणी देणं मोठमोठ्या शहरांना जमलं नव्हतं तेव्हा या छोट्या गावाने ते करून दाखवलं. महामार्गालगत कृष्णा रुग्णालय आणि त्याचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, कराडात वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे. पाटणच्या डोंगरातून, वाळवा-शिराळ्याहून बाळंतपणं इथेच येतात. नगरपरिषद, ही दोन रुग्णालयं आणि सातारा-सांगलीच्या जिल्हा परिषदांचे आरोग्य विभाग यांनी एकत्र बसून एक वर्षभर इथे जन्मणारं प्रत्येक बाळ तपासावं, आणि निघालेले आकडे जाहीर करावेत. त्यावरून पुढचं ठरवता येईल.

तोवर वाचकांना विनंती एवढीच : घरात सून किंवा लेक गरोदर असेल तर तिसरा महिना संपायच्या आत डॉक्टरांना विचारा, ‘हिमोग्लोबिनची एचपीएलसी केली का?’ केली नसेल तर करून घ्या, आणि अहवाल माता-बाल कार्डाला जोडून ठेवा.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
मलकापूर, ता. कराड, जि. सातारा