फॉर्मॅट मारण्याआधी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातला कॉम्प्युटर दिवसातून दोन-तीनदा हँग व्हायला लागला. स्क्रीन आहे तशी गोठायची, माउसचा बाण मध्येच उभा, कोपऱ्यातलं घड्याळसुद्धा थांबलेलं. मग बटण दाबून धरायचं, बंद करायचा आणि देवाचं नाव घेऊन पुन्हा चालू करायचा. घरात निदान मात्र ताबडतोब झालं. लेक म्हणाला, "आई, तू काहीतरी दाबतेस." हे म्हणाले, "दिवसभर काय काय उघडून बसतेस, दुसरं काय होणार?"

खरं तर त्या कॉम्प्युटरवर सगळ्यात जास्त काम माझंच. शिकवणीच्या मुलांच्या प्रश्नपत्रिका टाइप करायच्या, बचतगटाचा हिशेब ठेवायचा. एमएस-सीआयटी करून मला सोळा-सतरा वर्षं झाली. तिथलं वर्ड-एक्सेल आजही हाताशी आहे, पण डबा बिघडला की तो पुरुषांच्या ताब्यात जातो, हा आपल्याकडचा अलिखित नियम. मिक्सर बिघडला की मला विचारतात कसला आवाज येत होता. कॉम्प्युटर बिघडला तेव्हा मला कुणी काहीच विचारलं नाही.

दुरुस्तीवाला मुलगा घरी आला. पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "व्हायरस आहे. फॉर्मॅट मारावा लागेल. डेटा काही आहे का?" मी स्वयंपाकघरात होते. ह्यांनी सांगून टाकलं, "नाही, विशेष काही नाही."

मैत्रिणींनो, त्या 'विशेष काही नाही'मध्ये माझ्या सासूबाईंच्या जात्यावरच्या अकरा ओव्या होत्या. त्या जाण्याआधीच्या दिवाळीत मी मोबाइलवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या, आणि जागा हवी म्हणून मोबाइलवरून काढून टाकल्या होत्या. डेस्कटॉपवरच ठेवल्या, सहज सापडाव्यात म्हणून. डेस्कटॉपवर दिसणारी फाइल बहुतेक घरांत सी ड्राइव्हमध्येच असते आणि फॉर्मॅट मारतात तो सी ड्राइव्हच, हे मला नंतर कळलं. "डी ड्राइव्हला हातसुद्धा लावला नाही वहिनी," असं तो मुलगा मला अगदी अभिमानाने सांगत होता. साध्या हार्ड डिस्कवर, फॉर्मॅटनंतर नवीन काहीच टाकलं नाही तर कधीकधी फाइली परत मिळू शकतात. आमच्याकडे त्याच संध्याकाळी लेकाने गेम टाकला होता.

आणि चौथ्या दिवशी कॉम्प्युटर पुन्हा हँग झाला.

तेव्हा मला राग आला. पोराला ताप आला तर डॉक्टर आधी काय विचारतात? कधी येतो, किती वेळ राहतो, थंडी वाजून येतो का, एक दिवसाआड येतो का. आपण आया ते सगळं तोंडपाठ सांगतो. मग हेच या मशीनला का नाही? मी शिकवणीची एक अर्धी वही घेतली आणि लिहायला लागले. तारीख, वेळ, चालू करून किती मिनिटं झाली, तेव्हा काय काम चाललं होतं, लाइट कमी-जास्त होत होते का.

आठ-दहा दिवसांत वही बोलायला लागली. सकाळी दहाच्या आत एकदाही हँग नाही. दुपारी एक ते चार, चालू केल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत हमखास. साधा वर्ड उघडा असला तरी. आमच्या मागच्या गल्लीत लूम आहेत, त्यामुळे माझा पहिला संशय लाइटवर होता. पण मालेगावात शुक्रवारी लूम बंद असतात, आणि दोन्ही शुक्रवारी दुपारी कॉम्प्युटर तसाच अडकला. म्हणजे निदान लूमच्या लोडचा तरी दोष नव्हता. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि कोपऱ्यात तसाच ठेवला. हँग होताना प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कुठलाच आकडा शंभरापर्यंत गेलेला नव्हता. म्हणजे एखादा प्रोग्रॅम किंवा माझं 'काय काय उघडणं' हेही कारण नव्हे. राहिली गरमी. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जाणाऱ्या गावात हे आधी सुचायला हवं होतं.

रविवारी प्लग काढला, दहा मिनिटं थांबले, बाजूचे दोन स्क्रू काढून झाकण उघडलं. लेक बघायला उभा राहिला. आत प्रोसेसरवरचा पंखा होता आणि त्याच्याखाली अॅल्युमिनियमच्या पात्या, ज्यांतून हवा जायला हवी. त्या पात्या दिसतच नव्हत्या. वर करड्या कापसाचा नमद्यासारखा थर बसलेला. लूमचे तंतू खिडकीतून येतात, फर्निचरवर रोज पुसतो, पण हा डबा खालच्या बाजूने हवा ओढतो आणि आत साठवतो, हे कधी डोक्यातच आलं नाही. हात लावायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात टेकवला, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली आणि कोरड्या रंगाच्या ब्रशने हळूहळू सगळं काढलं. व्हॅक्यूम क्लीनर मुद्दाम वापरला नाही, त्याच्या नळीत स्थिर वीज तयार होते. पंखा आणि प्रोसेसर यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून पापडासारखी झाली असावी म्हणून ती मात्र दुकानात नेऊन बदलून घेतली. कॅबिनेट जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवलं. त्यानंतर अख्खा मे महिना कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही.

बऱ्याच प्रोसेसरना ९५ ते १०० अंशांपर्यंत तापलं की स्वतःलाच आवरावं लागतं. आधी ते मंदावतात, मग कुणी गोठतं, कुणी एकदम बंद पडतं. फॉर्मॅटने पंख्यावरचा कापूस कसा निघणार?

प्रत्येक घरात हेच कारण असेल असं नाही. माउस हलतोय पण एकच खिडकी अडकली आहे, तर दोष बहुधा त्या प्रोग्रॅमचा. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत शंभर टक्के, आणि जुन्या हार्ड डिस्कमधून टिकटिक आवाज, तर बाकी सगळं सोडा, आधी पेनड्राइव्ह आणा. सकाळ-दुपार न बघता कधीही अडकत असेल तर रॅमवर संशय घ्यावा. विंडोजमध्येच मेमरी तपासायची सोय आहे, स्टार्टमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' शोधा. २००० नंतरच्या पाच-सहा वर्षांत बनलेल्या कित्येक मदरबोर्डांवरचे कपॅसिटर निकृष्ट निघाले होते. त्यांची डोकी फुगलेली दिसायची आणि मशीन असंच गोठायचं. एखादीच्या माळ्यावर तसला डबा अजून असेलही. आणि "विंडोज १० बंद झालं म्हणून हँग होतोय, नवा घ्या," असं कुणी सांगितलं तर लगेच पर्स उघडू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला हे खरं, सुरक्षेसाठी त्याचा विचार करावाच लागेल. पण गोठण्याचं कारण ते नव्हे.

दुरुस्ती करणाऱ्या मुलांवर माझा राग नाही. उन्हातान्हात घरोघर फिरतात, दोनशे-तीनशे रुपयांसाठी घासाघीस ऐकतात. फॉर्मॅट हा त्यांच्यासाठी लवकर संपणारा उपाय. माझा राग 'विशेष काही नाही' या उत्तरावर आहे. मशीनमध्ये काय आहे हे जी रोज वापरते तिला ठाऊक असतं. तिला स्वयंपाकघरातून हाक मारायला किती वेळ लागतो? हे मी ह्यांनाही सांगितलं. ते गप्प बसले, आणि आठवडाभराने एक बाहेरची हार्ड डिस्क घेऊन आले. तिच्यावर लेबल माझ्या अक्षरात आहे.

ओव्या गेल्या त्या गेल्या. धाकट्या नणंदेला मी त्या वेळी तीन पाठवल्या होत्या, त्या तिच्या जुन्या मोबाइलमध्ये सापडल्या. आवाज बारीक आहे, आणि मागे लूमची खडखड सुरूच आहे.