बूट बाईच्या मापाचे हवेत

मैत्रिणींनो, समान कामाला समान दाम ही मागणी आपण वर्षानुवर्षे करत आलो आहोत. तिच्या शेजारीच दुसरी मागणी लिहायला हवी : समान धोक्याला समान बूट.

बांधकामावर घमेली वाहणाऱ्या, कचरा उचलणाऱ्या, भंगार निवडणाऱ्या बायांच्या पायात बहुधा रबरी स्लिपर असते. खिळा आणि काच तिच्यातून सहज आरपार जाते. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी कचरा हाताळणाऱ्या सर्व कामगारांना योग्य पादत्राणे मिळतील हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. नियम झाला, पण जोड कोणत्या मापाचा, हे कोणी विचारले?

ठेकेदाराचे ठरलेले उत्तर असते, "दिले तरी बायकाच घालत नाहीत." का घालत नाहीत? कारण बरेचसे बूट पुरुषाच्या पायाच्या साच्यावर बेतलेले असतात. बाईची टाच पंजाच्या मानाने अरुंद असते. पुरुषी बुटाचा लहान नंबर दिला तरी टाच आत हलते, फोड येतात, पाय अडखळतो. अशा बुटाने धोका वाढतोच, वर दोषही बाईच्याच माथी येतो.

म्हणून मागणी नेमकी करू या. माप कामगार बाईच्या पायाचे घ्यावे, तेही संध्याकाळी, कारण दिवसभराच्या कामाने पाय सुजतो. मोजे घालून बूट चढवावा, चालून पाहावा. टाच उचलली जाऊ नये, बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा राहावी. जड वस्तू पडण्याचा धोका असेल तिथे पुढे पोलादी टोपी हवी, खिळे-पत्रे असतील तिथे तळव्यात भेदरोधक थर हवा. आयएस १५२९८ या भारतीय मानकाचा शिक्का पाहून घ्यावा. सतत पाण्यात काम असेल तर चामड्याचा आग्रह नको, गमबूटच बरे.

चामडे निगा मागते. चिखल आणि विशेषतः सिमेंट रोजच्या रोज ब्रशने काढावे. सिमेंट चामडे खाते. ओला बूट चुलीपाशी किंवा उन्हात ठेवला की तडकतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावा, आठवड्याला पॉलिश लावावे. आणि नवा जोड "चांगला आहे" म्हणून ट्रंकेत जपून ठेवू नये. पॉलियुरेथेनचा तळ नुसता पडून राहिला तरी दमट हवेत भुगा होतो. चांगले ते नंतरसाठी, ही आपल्याला लावलेली सवय इथे तोट्याचीच ठरते.

पण ही निगा कोणी, कोणत्या वेळी करायची? दिवसभर राबून घरी गेल्यावर धुणीभांड्यांत बुटांची भर पडणार असेल तर तो आणखी एक फुकटचा बोजा झाला. ब्रश, पॉलिश, पाणी, बूट ठेवायला जागा आणि पाळी संपण्याआधीची दहा मिनिटे कामावरच मिळाली पाहिजेत. तळ झिजला किंवा टोपीवर जबर आघात झाला की नवा जोड मिळावा, आणि त्याचे पैसे मजुरीतून कापले जाऊ नयेत.

आपापल्या वस्तीतल्या, कामावरच्या बायांची पायाची मापे एका वहीत उतरवून घ्या. पुढच्या वाटाघाटीला मागणीपत्राबरोबर ती वहीही टेबलावर ठेवा. मग "बायकांच्या मापाचे मिळत नाहीत" असे म्हणून कुणाला सुटता येणार नाही.