तरुणांचे मत आणि वृत्तपत्रांचे गणित

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत एक छायाचित्र ठरलेले असते. शाई लावलेले बोट उंच धरून हसणारी, पहिल्यांदाच मतदान केलेली एखादी महाविद्यालयीन विद्यार्थिनी. निकाल लागला की त्याच वृत्तपत्राचा जाणकार आतल्या पानावर लिहितो, की नव्या मतदाराने कौल फिरविला. मतदानाची टक्केवारी अपेक्षेहून कमी भरली असेल, तर छायाचित्र तेच राहते आणि मजकूर मात्र तरुण पिढीच्या उदासीनतेवर घसरतो. या दोन्ही निदानांत एक साम्य आहे. ती करणाऱ्यापाशी तरुणांच्या मतदानाचा आकडाच नसतो. आपला निवडणूक आयोग पुरुषांचे मतदान किती, स्त्रियांचे किती हे सांगतो. प्रत्यक्ष मतदान केलेल्यांची वयानुसार विभागणी तो निकालाबरोबर देत नाही. मतदानयंत्राला तर वय कळतच नाही.

आकडा नसला म्हणजे समज चालतात, आणि समजांत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळून जातात. तरुणांपैकी किती जण मतदानाला आले, हा एक प्रश्न. जे आले त्यांनी कोणत्या पक्षाला मत दिले, हा दुसरा. पहिला प्रश्न संख्येचा आहे, दुसरा निष्ठेचा. एखाद्या पक्षावर तरुणांचा जीव आहे एवढे दिसले, की ते मोठ्या संख्येने बाहेर पडले असावेत असे गृहीत धरले जाते. वस्तुतः एक गोष्ट असून दुसरी नसणे सहज शक्य आहे.

ब्रिटनमध्ये ८ जून २०१७ रोजी झालेली सार्वत्रिक निवडणूक या दृष्टीने आपल्या कार्यकर्त्यांनी मुळातून समजून घ्यावी अशी आहे. जेरेमी कॉर्बिन यांच्या नेतृत्वाखालील मजूर पक्षाचा धुव्वा उडणार, असे बहुतेक वृत्तपत्रे धरून चालली होती. प्रत्यक्षात मजूर पक्षाला चाळीस टक्के मते आणि २६२ जागा मिळाल्या व थेरेसा मे यांच्या हुजूर पक्षाचे बहुमत गेले. विद्यापीठांचे गाव असलेला कँटरबरी मतदारसंघ पिढ्यान् पिढ्या हुजूर पक्षाकडे होता. तो मजूर पक्षाने १८७ मतांनी जिंकला. मग काय विचारता! अठरा ते चोवीस वयाच्या ७२ टक्के तरुणांनी मतदान केले, असा आकडा निकालापाठोपाठ फिरू लागला. तो कोणी मोजला आणि कसा, हे विचारण्याचे भान त्या गडबडीत फारच थोड्यांना राहिले. वर्षअखेरीस ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘यूथक्वेक’, म्हणजे तरुणाईचा भूकंप, हा त्या वर्षाचा शब्द म्हणून जाहीर केला.

जानेवारी २०१८ मध्ये ‘ब्रिटिश इलेक्शन स्टडी’ या अध्ययनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे अभ्यासक घरोघर जाऊन माणसांना भेटतात आणि कोणी ‘मी मतदान केले’ म्हटले, तर मतदानकेंद्रावरील खुणा केलेल्या याद्यांशी ते ताडून पाहतात. हे ताडून पाहणे आवश्यकच असते, कारण मतदान न करताही ‘केले’ म्हणणारी माणसे सर्वच देशांत असतात. शिवाय पाहणीतील प्रश्नांना उत्साहाने उत्तरे देणारा तरुण हाच मुळात राजकारणात रस असलेला, म्हणजे मतदान करणारा तरुण असतो. या अभ्यासकांना आढळले ते असे, की २०१५ मध्ये काय आणि २०१७ मध्ये काय, त्या वयोगटातील चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यानच मतदान झाले होते. तरुण वस्तीच्या मतदारसंघांत मतदान अधिक वाढले, या युक्तिवादाला त्यांनी दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. ज्या मतदारसंघांत तान्ह्या मुलांचे प्रमाण अधिक, तेथेही मतदान अधिक वाढले होते. म्हणून ती मुले रांगत जाऊन मतदान करून आली असे कोणी म्हणणार आहे काय?

या अध्ययनावरही आक्षेप आले, आणि ते सर्वस्वी गैरलागू नव्हते. त्यांच्या नमुन्यात अठरा ते चोवीस वयाची माणसे दोनशेदेखील नव्हती. एवढ्या लहान नमुन्यावरून बदल झालाच नाही असे ठामपणे म्हणता येत नाही, असे इतर संख्याशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आमच्या मते हा वाद उघडा आहे असेच मानावे. परंतु त्या ७२ टक्क्यांना मात्र कोणीही आधार देऊ शकलेले नाही.

निष्ठेची बाजू तशी नव्हती. मतदान केलेल्या तरुणांपैकी दोन-तृतीयांशाच्या आसपास मजूर पक्षाबरोबर होते, आणि वय वाढत जाई तसतसा हुजूर पक्षाकडचा ओढा वाढत जाई; वर्गापेक्षा वय हीच आता ब्रिटिश राजकारणातील मुख्य दुफळी, असे जे लिहिले गेले ते पाहण्यांशी बरेच जुळणारे होते. तरुणांची निष्ठा खरी होती; त्यांचा लोंढा मात्र सिद्ध झालेला नव्हता. डिसेंबर २०१९ मध्ये या फरकाची किंमत कळली. पाहण्यांनुसार त्याही वेळी तरुण मतदारांतील बहुसंख्य मजूर पक्षाकडेच राहिले, आणि पक्ष २०२ जागांवर आला.

आता जी गोष्ट वृत्तपत्रांच्या कोपऱ्यात पडून राहिली, ती सांगितली पाहिजे. पूर्वी ग्रेट ब्रिटनमध्ये कुटुंबप्रमुख घरातील सर्वांची मतदारनोंदणी करीत असे आणि विद्यापीठे वसतिगृहांतील विद्यार्थ्यांची नावे एकगठ्ठा कळवीत. २०१४ पासून प्रत्येकाने आपली नोंदणी आपणच करावी असा नियम आला. नियम दिसायला निर्दोष. परंतु त्यात यादीबाहेर पडण्याचा धोका होता तो विद्यार्थ्यांना, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना आणि सतत पत्ता बदलणाऱ्यांना. जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने मतदानाचे वय सोळावर आणण्याचे जाहीर केले, तेव्हा याचा लाभ कोणत्या पक्षास, यावर रकानेच्या रकाने भरले. नोंदणी टप्प्याटप्प्याने आपोआप व्हावी, असाही विचार त्याच घोषणेत होता. आमच्या दृष्टीने खरी बातमी ती होती.

अमेरिकेची कथा याहून जुनी. १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तेथे अठराव्या वर्षी मत मिळाले. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पेटलेली विद्यापीठे पाहून हे मतदार जॉर्ज मॅकगव्हर्न यांना तारतील, अशी अनेकांची अटकळ होती. १९७२ मध्ये या वयोगटातील जेमतेम निम्म्यांनी मतदान केले आणि मॅकगव्हर्न यांच्या पदरात मॅसॅच्युसेट्स हे एक राज्य व राजधानीचा जिल्हा एवढेच पडले. विद्यापीठाच्या आवारातील तरुण म्हणजे सगळे तरुण, अशी ती चूक होती. कारखान्यात जाणारा, पंपावर पेट्रोल भरणारा अठरा वर्षांचा मुलगा त्या छायाचित्रांत नव्हताच.

आपल्याकडे येऊ. प्रस्तुत लेखक १९७७ साली अठरा वर्षांचा होता. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत रात्र रात्र भिंती रंगविल्या, सायकलवरून पत्रके वाटली. मत मात्र नव्हते, कारण वयाची अट एकवीस होती. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने ती अठरावर आली ती २८ मार्च १९८९ पासून. वय खाली आणणाऱ्या राजीव गांधींकडे हा नवा मतदार जाईल, असे तेव्हा पुष्कळांना वाटत होते. त्याच वर्षीच्या निवडणुकीत काँग्रेस चारशेहून अधिक जागांवरून १९७ वर आली. नवा मतदार फिरला, की तो मुळात त्यांचा नव्हताच, की नोंदणीच अपुरी होती, हे वृत्तपत्रांच्या तेव्हाच्या लिखाणावरून आजही कळत नाही.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागेल. ब्रिटनमध्ये वयानुसार पक्ष बदलतो. आपल्याकडे तो जात, प्रांत, धर्म आणि वर्ग यांनुसार जितका बदलतो तितका वयाने बदलत नाही. ‘लोकनीती’च्या पाहण्यांनुसार २०१४ मध्ये तरुणांत भाजपला सरासरीहून थोडी अधिक पसंती होती, परंतु ते आधिक्य काही टक्क्यांचे होते. तरुणांचा म्हणून एक पक्ष आणि वृद्धांचा दुसरा, ही विलायती मांडणी येथे उचलून आणण्यात अर्थ नाही.

आता हिशेब पाहा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी देशात मतदार होते ९६.८८ कोटी आणि त्यांपैकी अठरा-एकोणीस वयाचे सुमारे १.८ कोटी, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. निकाल यांच्या हाती आहे असे ज्यांनी लिहिले, त्यांनी हा भागाकार केला असता तर बरे झाले असते. पण याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. त्या वयाची माणसे देशात पाच कोटींच्या घरात आहेत. म्हणजे शंभरांतील चाळीसही यादीत नव्हते. यादीत असलेल्यांनी सरासरीइतके, दोन-तृतीयांश मतदान केले असे धरले, तरी शंभर तरुणांमागे पंचवीसच्या आसपास मते भरतात. वृत्तपत्रात छापून येणारी टक्केवारी मात्र नोंदलेल्या मतदारांवर काढलेली असते. ज्याचे नावच नाही तो त्या अपूर्णांकाच्या अंशात नसतो आणि छेदातही नसतो. त्याला उदासीन तरी कसे म्हणावे?

हा यादीबाहेरचा तरुण कोण? अध्यापनाच्या काळात लेखकाने मराठवाड्यातून पुण्यास आलेले असंख्य विद्यार्थी पाहिले. कॉट बेसिसवर राहावयाचे, दर वर्षी खोली बदलावयाची. घरमालक करारपत्र देत नाही, म्हणून पत्त्याचा पुरावा नाही. गावी नाव घालायला सवड नाही. ऊसतोड कुटुंबातील मुलीची गोष्ट याहून अवघड. २०२४ मध्ये विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला झाले, आणि नोव्हेंबर हा टोळ्यांनी कारखान्याकडे निघण्याचा महिना. नाव गावच्या यादीत असले, तरी ती त्या दिवशी कोणत्या फडात होती? तिच्या बोटाचे छायाचित्र कोणी काढीत नाही.

वृत्तपत्रांना दोष देऊन आपली सुटका होत नाही. आपल्या बैठकांतही ‘तरुण आपल्याकडे वळत आहेत’ या वाक्यावर टाळ्या पडतात, आणि पराभव झाला की ‘तरुणांना विचारसरणीच नको आहे’ यावर माना डोलतात. एखाद्या शाखेला आपल्या प्रभागातील अठरा ते एकवीस वयाच्या मुलामुलींपैकी किती जणांची नावे यादीत आहेत हे विचारले, तर उत्तर मिळत नाही, हा लेखकाचा गेल्या अनेक वर्षांचा अनुभव आहे. युवक मेळाव्याला गर्दी किती झाली, हे मात्र तोंडपाठ असते.

२०२१ च्या कायदेदुरुस्तीनंतर नोंदणीसाठी वर्षातून चार अर्हता दिनांक आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यास सहा क्रमांकाचा अर्ज आगाऊ भरता येतो. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरचा पत्ता किंवा वसतिगृहाचा पत्ता, यांपैकी एक निवडता येतो. बऱ्याच विद्यार्थ्यांना आणि काही प्राचार्यांनाही हे ठाऊक नसते. प्रत्येक शाखेने एका मतदानकेंद्राची यादी घ्यावी, घरोघर जाऊन अठरा ते एकवीस वयाच्यांची नावे लिहून ती तिच्याशी ताडावीत, आणि यादीबाहेर किती राहिले, का राहिले, हे या साप्ताहिकाकडे कळवावे. ऊसपट्ट्यातील शाखांनी हे काम टोळ्या निघण्यापूर्वी उरकावे. जे आकडे येतील ते याच पानावर, शाखेच्या नावानिशी छापले जातील.